पायांवरची वाकळ

"बरं वाटतंय न्हवं?" मी विचारलं.

"हं," पंचाच्या घडीतून आवाज आला.

तेवढ्यावर मी खूश असायचे. एप्रिलमधली सकाळ होती. दार लोटून घेतलेलं, कोपऱ्यात शेगडी आणि शेगडीवर ओवा-लसूण घालून तापवलेलं तिळाचं तेल. माझी वैजयंता चटईवर पालथी पडली होती. तोंडाखाली पंचाची घडी, कमरेपासून खाली वाकळ, कारण तेल लावताना पायांना वारं लागू द्यायचं नाही. मी उशाशी गुडघे टेकून बसले होते आणि दोन्ही अंगठे तिच्या मानेपासून कमरेकडे नेत होते, अंगातला सगळा भार देऊन. अंगठ्याखाली गाठ लागली की तिथंच रोवून धरायचं, ती विरघळेपर्यंत सोडायचं नाही, ही माझ्या सासूची शिकवण. वैजूच्या गाठी रोज विरघळायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर असायच्या. दुखणं हट्टी आहे, पण मीही काही कमी हट्टी नाही, असं मी शेजारणींना सांगायचे.

रहिमतपुरात हौसामावशी माहीत नाही असं तेव्हा घर नव्हतं. बाळंतिणीला तेल लावायचं, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, हे माझं काम. बावीस वर्षं मी ते केलं होतं. माझ्या पायांवर न्हालेली पोरं आज कुणी पोलिसात आहेत, कुणी बँकेत बसतात, आणि मला रस्त्यात बघितलं की वाट बदलतात, कारण मी चारचौघांत त्यांची नको ती आठवण काढते. अवघडलेल्या, अंग धरलेल्या, कमरेत मोडलेल्या बाया मी सव्वा महिन्यात चालत्या केल्या होत्या. शंभर बाळंतिणी उठवल्या ह्या हातांनी, असं मी म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. म्हणून पोटची पोर दुखण्यानं खचली तेव्हा दुसऱ्या कुणाच्या दारात जायचं माझ्या मनातही आलं नाही.

वैजू फलटणजवळच्या एका गावात दिली होती. जावई नंदकुमार दूध संकलन केंद्रावर. तनू नावाची एक मुलगी. सगळं बरं चाललं होतं आणि त्या एप्रिलच्या दोन वर्षं आधी तिचे खांदे दुखायला लागले. मग कंबर, मग गुडघे, मग सगळं अंगच. सकाळी उठायची ती न झोपल्यासारखी. बोलता बोलता शब्द विसरायची. रक्त तपासून झालं, फोटो काढून झाले, सगळं चांगलं निघालं. एक डॉक्टर वात म्हणाला, दुसऱ्यानं कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्यानं कमरेत सुया टोचल्या आणि शेवटी 'ह्यांच्या डोक्यातच आहे' असं नंदकुमारला बाजूला घेऊन सांगितलं. ते ऐकून मला असा संताप आला की दसरा झाल्यावर मीच जाऊन तिला घेऊन आले. तिच्या सासूला सांगितलं, महिनाभर द्या, उठवून पाठवते.

आणि मी तिला बाळंतिणीसारखं ठेवलं. मला तेवढंच येत होतं. सकाळी तेल, मग कढत पाण्यानं अंघोळ, मग शेक, ओव्याची धुरी. कानाला फडकं, पायात मोजे, डिंकाचे लाडू. गार पाण्यात हात घालायचा नाही, वाकायचं नाही, उंबऱ्याबाहेर जायचं नाही. वेणी मी घालायचे, ताट मी हातात द्यायचे. महिना झाला, दोन झाले. फरक पडेना तेव्हा मी सकाळच्या जोडीला संध्याकाळचंही तेल सुरू केलं. एप्रिलपर्यंत सात महिने होत आले होते.

त्या दिवसांत घरात उंदीर झाले होते. दिसायचा एकही नाही, पण वैजूच्या तोंडाखालचा पंचा दोरीवर वाळत घातला की त्याची टोकं कुरतडलेली असायची. दोन पंचे वाया गेले. मी पिंजरा आणला आणि रोज दिवेलागणीला त्यात चपातीचा तुकडा अडकवायला लागले. सकाळी तुकडा तसाच. फार हुशार मेला आहे, असं मी वैजूला म्हणायचे. ती भिंतीला टेकून बसलेली असायची, पिंजऱ्याकडं बघत.

तर त्या सकाळी मी हात धुऊन दार उघडलं आणि बाहेर जावई उभा. मोटरसायकलवरून आला होता आणि आत तेल चाललंय म्हणून अर्धा तास उन्हातच थांबला होता. मी पाणी दिलं. त्यानं खिशातून एक चिठ्ठी काढली. साताऱ्याला महिन्यातल्या एका गुरुवारी पुण्याहून एक डॉक्टरीणबाई यायच्या, सांध्यांच्या आणि अंगदुखीच्या. केंद्रावरच्या एका गड्याच्या बायकोला त्यांचा गुण आला होता. उद्याच गुरुवार होता आणि ह्यानं नंबर लावला होता, मला न विचारता.

मी त्याला चांगलंच सुनावलं. आजवर डॉक्टरांनी काय दिवे लावले ते विचारलं. अजून एक महिना थांबा, मुरलेलं दुखणं आहे, जाण्याआधी अंगावर येतं, असं सांगितलं. तो खाली बघत ऐकत होता. गरीब स्वभावाचा माणूस, मला कधी उलटून बोललेला नाही.

"मामी," तो म्हणाला, "तुम्ही करताय त्याला तोड न्हाई. पण दसऱ्यानंतर ती हितं चालत आली हुती. आता चहाचा कप दोन हातांनी धरती."

तो पुढं म्हणाला, "जूनच्या पंधराला तनूची शाळा हाय. पयली. पोरगी रोज विचारती, मम्मी सोडाय येणार न्हवं? मी तिला काय सांगू, ते तरी सांगा."

तनू तिकडं आजीजवळ होती. दर रविवारी फोन यायचा. वैजू फोन कानाला लावायची आणि दोन मिनिटांत हात दुखतो म्हणून खाली ठेवायची, मग मी तिच्या कानाशी धरायचे. मी वैजूकडं बघितलं. ती म्हणाली, "जाऊन येऊ की, आई." सात महिन्यांत तिनं स्वतःहून काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही. मी कबूल झाले. पण खरं सांगते, मी बरं करून घ्यायला निघालेच नव्हते. त्या बाईला चार गोष्टी शिकवून यायच्या, एवढंच माझ्या मनात होतं.

साताऱ्याच्या दवाखान्यात दुपारी बारा वाजता आमचा नंबर लागला. नंदकुमार बाहेर थांबला, आम्ही दोघी आत. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी आधी सगळे जुने कागद वाचले. मग प्रश्न विचारायला लागल्या. झोप कशी लागते? आठ वाजताच झोपवते मी, असं मी सांगितलं. भूक? मी भरवते तेवढं खाते. वेणी कोण घालतं? मीच. घरात काही काम? काडी इकडची तिकडं करू देत नाही मी.

"मावशी," त्या म्हणाल्या, "मी तिला विचारतेय."

वैजू सावकाश बोलायला लागली. शब्द शोधत, मधेच थांबत. झोप लागते पण झोपल्यासारखं वाटत नाही. कुठं दुखतं ते सांगता येत नाही, कारण न दुखणारी जागाच नाही. बांगड्या मनगटाला लागतात म्हणून काढून ठेवल्या. सवाष्ण बाईनं हात भुंडे ठेवायचे नाहीत म्हणून मी तिला त्यावरून बोलले होते. लागतात म्हणजे काय, काच काही टोचत नाही, असं म्हणून मी दोनदा पुन्हा भरायला लावल्या होत्या.

मग बाईंनी तिला बाकड्यावर बसवलं आणि अंगठ्यानं एकेक जागा दाबून बघायला लागल्या. मान, खांदा, कोपराच्या जवळ, कमरेच्या खाली, गुडघ्याची आतली बाजू. अंगठा हा माझ्या धंद्यातला, त्यामुळे माझं लक्ष तिकडंच. नखाचं टोक जेमतेम पांढरं होईल एवढाच दाब त्या देत होत्या. आणि तेवढ्यावर माझी वैजू दरवेळी अंग चोरत होती, स्स् करत होती. मला लाज वाटली. एवढ्याशानं काय होतंय, मी म्हणाले. मी रोज दोन वेळा सगळा भार देऊन रगडते, तेव्हा ही हूं की चूं करत नाही, माझ्या हाताला ओळखते.

बाई थांबल्या. "रोज दोन वेळा?" त्यांनी विचारलं. "कसं करता? मला दाखवा बरं."

मी तर वाटच बघत होते. पदर खोचला. वैजूला पालथं व्हायला सांगितलं. ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली, मग वळून आडवी झाली. तिथं वाकळ नव्हती, पंचा नव्हता. मी उशाशी उभी राहिले, दोन्ही अंगठे तिच्या खांद्यांत रोवले आणि रोजच्यासारखा भार दिला. वैजूच्या तोंडून आवाज नाही. मी मान वर करून म्हणाले, "बघा."

पण बाई माझ्या हातांकडं बघतच नव्हत्या. त्या बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या.

"मावशी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तिच्या पायांकडं बघा."

मी बघितलं. तिच्या पायाची दहाही बोटं आत वळली होती, तळव्यात शिरतील अशी. पोटऱ्या थरथरत होत्या. तळपाय पांढरेफटक पडले होते. मी हात उचलले. बोटं लगेच सुटली नाहीत. हळूहळू, एकेक करून सरळ झाली आणि पायात रक्त परत आलं.

मला खरं वाटेना. कुठली आई असं करेल, पण मी केलं. मी पुन्हा अंगठे ठेवले. बोटं पुन्हा वळली.

मी हात मागं घेतले ते पाठीमागं लपवले. बावीस वर्षं मी उशाशी बसून काम केलं होतं आणि माझ्यासमोर कायम बाईची पाठ होती. चेहरा पंचात, पाय वाकळीखाली. वाकळ मीच घालायचे. सात महिने, रोज दोन वेळा, मी माझ्या पोरीला हे करत होते आणि वर विचारत होते, बरं वाटतंय न्हवं.

बाईंनी मला खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. म्हणाल्या, "तुमच्या-माझ्या अंगाला जो हात वाटतो, तो तिला मार वाटतो."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दुखण्याचं नाव फायब्रोमायल्जिया. मला ते तेव्हा म्हणता आलं नाही, नंतर वैजूनं कॅलेंडरच्या मागं लिहून दिलं. हाडात, सांध्यात, नसेत काही मोडलेलं नसतं, म्हणून फोटोत आणि रक्तात दिसत नाही. पण दुखणं खरं असतं, बाईच्या मनाचे खेळ नसतात. अंगातली दुखण्याची खबर देणारी यंत्रणाच जास्त जागी झालेली असते, दारावरची घंटा अडकून बसावी आणि कुणी नसताना वाजत राहावी तशी. त्यात झोप पुरी होत नाही, थकवा हटत नाही, शब्द आठवत नाहीत. ते सगळं एकाच दुखण्याचं. अशा माणसाला निजवून ठेवलं तर अंग आणखी कच्चं होतं आणि आणखी दुखतं. सुया नकोत, जालीम गोळ्या नकोत. रात्री झोपण्याआधी एक लहान गोळी, झोपायची-उठायची ठरलेली वेळ, आणि चालणं. पहिले आठ दिवस पाच मिनिटं, मग सात, मग दहा. चांगल्या दिवशी हुरळून दुप्पट करायचं नाही आणि वाईट दिवशी अगदीच सोडायचं नाही. आपली वेणी आपण घालायची, आपलं ताट आपण घ्यायचं. दुखणं सगळं जाईल असं सांगत नाही, त्या म्हणाल्या, पण त्याला बाजूला बसवून जगता येतं.

"जूनला माझ्या पोरीची शाळा हाय," वैजू म्हणाली.

"आज चालायला लागलीस तर शाळेच्या दारापर्यंत जाशील," बाई म्हणाल्या.

मी विचारलं, मग मी काय करू? तेल नाही, शेक नाही, वेणीसुद्धा नाही. मी करायचं काय?

"तुम्ही बसायचं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी तेच अवघड आहे." जाताना म्हणाल्या की तुमची चूक नाही, तुम्ही मायेनंच केलंत. त्यांनी माझ्या मुस्कटात एक मारली असती तर बरं झालं असतं.

नंदकुमार तिकडून कामावर गेला. आम्ही दोघी एसटीनं निघालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी पुरतं केलं होतं. वैजू खिडकीशी बसली होती. मी अंग आखडून सीटच्या कडेला, तिला माझा दंड लागू नये म्हणून.

"बोलली का न्हाईस?" कोरेगाव मागं पडल्यावर मी विचारलं.

"पयल्यांदा वाटलं, उद्या कमी हुईल," ती म्हणाली. "मग तू म्हणायचीस, शंभर बाळंतिणी उठवल्या. तुझ्या हातानं समद्या उठल्या आई, मीच उठंना. मला वाटलं, माझ्यातच खोट हाय."

त्या तिसऱ्या डॉक्टरावर मी सात महिने दात खात होते. तो एकदाच म्हणाला होता. मी तेच रोज दोन वेळा तिला सांगत होते आणि मला ते कळलंही नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी देवापुढं दिवा लावला. काही सुचत नसलं की हात आपली रोजची कामं करत राहतात. मी डब्यातली चपाती काढली, तुकडा मोडला आणि पिंजरा पुढं ओढला.

"आई," वैजू म्हणाली. ती भिंतीला टेकून रोजच्या जागी बसली होती. "पिंजरा नको लावू."

"का गं?"

तिनं दोरीकडं बघितलं आणि मान खाली घातली.

मी उठले. दोरीवरचा पंचा काढला आणि दिव्याजवळ नेला. टोकाला भोकं होती, धागे लोंबत होते. उंदरानं कुरतडलं की कड तुटते, चुरा पडतो. इथं कड तशीच होती आणि कापड चावून चावून चाळण झालेलं. मी ते टोक बोटांवर पसरून धरलं. दातांची ओळ दिसत होती, वरची आणि खालची.

सहा महिने मी उंदराला शिव्या दिल्या होत्या. रोज संध्याकाळी ती तिथं बसून मला पिंजऱ्यात चपाती अडकवताना बघत होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंचा झटकून, घडी करून, पुन्हा तिच्या तोंडाखाली देत होते.

मी तिथंच बसले. रडू आलं नाही. मोरीवर जाऊन मी साबणानं हात धुतले, राखेनं घासले, पुन्हा धुतले. तिळाच्या तेलाचा वास गेला नाही. वैजू आतून म्हणाली, "आई, ये गं. तू जेवलीच न्हाईस." तिला माझीच काळजी.

दुसऱ्या दिवसापासून बसायचं काम सुरू झालं. वैजू सकाळी उठून दारापासून रस्त्याकडच्या लिंबाच्या झाडापर्यंत चालायची, मधे थांबायची, परत यायची. पाच मिनिटं. मी ओट्यावर बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. तिनं पहिल्यांदा झाडू घेतला तेव्हा अर्ध्या अंगणाला तिला एवढा वेळ लागला की मी तीनदा उठले आणि तीनदा बसले. वेणी वाकडी यायची. तशी वाकडी वेणी घालून ती चालायला जायची आणि शेजारीण मला विचारायची, काय हो मावशी, पोरीचे लाड संपले का? मी हो म्हणायचे.

मे महिन्याच्या सुरुवातीला तिला एक चांगला दिवस आला. हुरळून कॅनॉलपर्यंत चालत गेली. दुसऱ्या दिवशी उठता येईना. डोळे मिटून पडून होती आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी येत होतं. मी स्वयंपाकघरात होते. कधी फळीवरची तेलाची वाटी हातात घेतली मला कळलं नाही. वळले तर तिचे डोळे उघडे, वाटीवर. दम धरला तिनं, नुसता दम धरला, जसा सात महिने धरत होती. मी वाटी परत ठेवली आणि अंगणात जाऊन बसले. संध्याकाळी ती धरून धरून उठली आणि लिंबापर्यंत जाऊन आली.

त्या अंगणात बसून मला आणखी एक गोष्ट कळली, ती सांगते, नाहीतर सगळं सांगून उपयोग नाही. वैजूचे वडील गेल्यावर मी नऊ वर्षं त्या घरात एकटी होते. वैजू आली आणि घरात कुणाला तरी हाक मारता यायला लागली. ती लवकर बरी व्हावी असं मला वाटत होतं, पण ती लवकर जावी असं वाटत नव्हतं. अति तिथं माती, ती अशी होते.

त्याच महिन्यात पेठेतल्या एका घरी मला बाळंतीण सांगून आली. वीस-बावीस वर्षांची पोर. मी तेल घेऊन बसले, पण पायांवर वाकळ घातली नाही आणि तिला कुशीवर घेतलं, तोंड दिसेल असं. मग विचारलं, "दुखतंय का गं?" ती घाबरून सासूकडं बघायला लागली. सासू उठून गेल्यावर हळूच म्हणाली, "मावशी, जरा कमी जोर लावला तर चालंल का?" मला घरी येईपर्यंत शंभर बाळंतिणींचे पाय डोळ्यांपुढं येत होते. त्यांतले मी एकीचेही बघितले नव्हते.

जूनच्या बारा तारखेला वैजू निघाली. बरी झाली होती असं नाही. तेव्हा वीस मिनिटं चालायची, रात्री बऱ्यापैकी झोपायची, आणि आठवड्यातून एखादा दिवस तोंड आवळून काढायची. पण पिशवी तिनं आपली आपण भरली होती. नंदकुमार न्यायला येतो म्हणत होता, तिनं फोनवर सांगितलं की मी एसटीनं येते, तुम्ही तनूला घेऊन स्टँडवर या. तनू पलीकडून एवढ्या मोठ्यानं बोलत होती की मला चुलीजवळ ऐकू आलं. फोन शेवटपर्यंत वैजूच्याच हातात होता.

गाडी दोनला होती. एक वाजता जेवणं झाली. वैजूनं चटई अंथरली आणि तिच्यावर पालथी पडली. दोन महिन्यांत मी तिला तशी पडलेली बघितली नव्हती. मी दारातच उभी राहिले.

"आई," ती म्हणाली, "हात ठेव."

मी म्हणाले, नको.

"दाबू नको. नुसता ठेव."

मी तिच्या शेजारी बसले, उशाशी नाही, कमरेशी, जिथून दोन्हीकडं दिसेल. हात पदराला पुसले. पहिल्या दिवसाचं बाळ हातात घेताना ठेवते तसा एक तळवा तिच्या पाठीवर ठेवला, वजन न टाकता. तिचा श्वास हाताखाली वर-खाली होत होता. मी मान वळवून तिच्या पायांकडं बघितलं. बोटं सैल होती.

सोळा वर्षं झाली त्याला. त्या दिवशी गाडीला अजून तास होता. मी हात हलवला नाही आणि पायांवरची नजरही काढली नाही.